जपानमधल्या शालेय गणवेशाला एवढं महत्त्व का?

प्रश्न एका आईचा आहे. नवऱ्याच्या बदलीमुळे कुटुंब लवकरच टोकियोला जाणार आहे. मुलगी पाचवीत आहे आणि ॲनिमे बघून बघून तिला खलाशी कॉलरचा तो गणवेश कधी एकदा अंगावर चढवते असं झालंय. आईला मात्र त्यात लष्करी शिस्तीचा वास येतो. ‘शाळेच्या कपड्यात एवढं सांस्कृतिक काय असतं?’ असं त्यांनी विचारलंय. मी सोलापुरात शालेय गणवेशांचे पॅटर्न बनवते. त्याआधी काही वर्षं जपानच्या ओकायामा प्रांतातल्या एका गणवेश कारखान्यात हेच काम केलं. त्यामुळे उत्तर कापडाच्या बाजूनं देते. थोडं लांबेल.

आधी मुलीला सांगायची गोष्ट. टोकियोत सरकारी प्राथमिक शाळांमध्ये, म्हणजे पहिली ते सहावी, बहुतेक ठिकाणी गणवेश नसतोच. मुलं घरचे कपडे घालून जातात. पाठीवर रान्दोसेरु नावाचं ताठ, चौकोनी दप्तर असतं आणि बऱ्याच शाळांत लहान मुलांच्या डोक्यावर पिवळी टोपी असते. पश्चिमेकडे ओकायामा, कागावा अशा प्रांतांत प्राथमिकलाही गणवेश दिसतो, पण टोकियोत क्वचितच. गणवेश सुरू होतो तो माध्यमिकला, बाराव्या-तेराव्या वर्षी, आणि हायस्कूल संपेपर्यंत, म्हणजे तीन अधिक तीन अशी एकूण सहा वर्षं, अंगावर राहतो. ही सहा वर्षं लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे. सहा वर्षांच्या पोराला जे घालाल ते तो घालतो. जपानमध्ये गणवेश येतो तो माणूस आरशासमोर सर्वांत जास्त वेळ उभा राहतो त्या वयात.

दुसरं म्हणजे, देशभर गणवेश सक्तीचा करणारा कायदा जपानमध्ये नाही. नियम शाळा ठरवते. अनेक सरकारी माध्यमिक शाळांत तर कागदोपत्री त्याला ‘ह्योजुनफुकू’, म्हणजे प्रमाण पोशाख, एवढंच म्हटलेलं असतं. नागानो प्रांतात गणवेश नसलेली सरकारी हायस्कूलं बरीच आहेत. टोकियोतल्या काही नावाजलेल्या शाळांनाही तो नाही. सरकारनं लादलं म्हणून टिकलं, एवढ्यावर हा विषय संपत नाही. माझं मत असं की या कपड्याचा आकार लष्करानं, मिशनऱ्यांनी आणि गिरण्यांनी ठरवला, पण त्याला अर्थ दिला तो घालणाऱ्या मुलामुलींनी.

लष्कराचा वास तुम्हाला आला तो खोटा नाही. मुलांचा काळा, उभ्या कॉलरचा, पुढे पाच सोनेरी बटणांचा कोट, ज्याला गाकुरान म्हणतात, तो युरोपातल्या सैनिकी गणवेशावरूनच आला. सरदार घराण्यांतल्या मुलांसाठीच्या गाकुशुइन या शाळेनं १८७९ मध्ये उभ्या कॉलरचा गणवेश आणला. तो गडद निळा, समोर बटणांऐवजी आतून हूक लावायचा, नौदलाच्या अधिकाऱ्यांच्या धर्तीवरचा होता. गाकुशुइनची मुलं आजही जवळजवळ तसाच घालतात. १८८६ मध्ये टोकियोतल्या शाही विद्यापीठानं सोनेरी बटणांचा काळा कोट घेतला आणि तिथून तो देशभर पसरला. त्याच सुमारास शिक्षणमंत्री मोरी आरिनोरी शाळांमध्ये लष्करी पद्धतीची कवायत रुजवत होते. कवायतीला किमोनो चालत नाही.

पण त्याच गाकुशुइननं १८८५ च्या सुमारास आणखी एक नियम केला होता, तो लोक विसरतात. मुलांनी घोडागाडीतून यायचं नाही आणि दप्तर नोकराच्या हातात द्यायचं नाही, स्वतः पाठीवर घ्यायचं. रान्दोसेरुचा उगम तिथला. सरदारांच्या पोरांना एका रांगेत आणायचा तो प्रयत्न होता, आणि गणवेशही त्याच प्रयत्नाचा भाग. शाळेच्या दारात आल्यावर कोणाचा बाप कोण हे कपड्यावरून कळू नये. अर्थात शाळेबाहेर उलट झालं. त्या काळी हायस्कूल-विद्यापीठापर्यंत पोचणारे मुलगे मूठभर होते, त्यामुळे काळा कोट आणि चौकोनी टोपी दिसली की लोक वाट द्यायचे. गणवेश ही सुरुवातीला मानाची खूण होती, ओझं नव्हे. आजही एखाद्या नामांकित शाळेचं बटण किंवा बिल्ला लोक रस्त्यात ओळखतात, त्याची मुळं तिथपर्यंत जातात.

मुलींची गोष्ट वेगळी आहे आणि मला ती जास्त जवळची वाटते. मेइजी काळात (१८६८ ते १९१२) शिकणाऱ्या मुली किमोनोवर हाकामा, म्हणजे कमरेला बांधायचा चुणीदार घेरदार वस्त्रप्रकार, नेसू लागल्या. तांबूस-तपकिरी हाकामा आणि पायात बूट हे शिकलेल्या मुलीचं चित्र झालं. आजही विद्यापीठाच्या पदवीदान समारंभाला जपानी तरुणी हाकामा घालतात, तो त्या मुलींचा वारसा. किमोनोत पाय मोकळे होत नाहीत, हाकाम्यात होतात. मुलींना धावता यावं, खेळता यावं हा आग्रह पुढे वाढत गेला आणि १९२० च्या आसपास ख्रिस्ती मिशनच्या शाळांनी पाश्चात्त्य कपडे आणले. क्योतोच्या हेइआन जोगाकुइननं १९२० मध्ये खलाशी कॉलर असलेला, कमरेला पट्टा असा एकसंध झगा घेतला. १९२१ मध्ये फुकुओका जोगाकुइनच्या अमेरिकन मुख्याध्यापिका एलिझाबेथ ली यांनी वरचा ब्लाउज आणि खाली चुण्यांचा स्कर्ट असा दोन तुकड्यांचा खलाशी गणवेश आणला. नागोयाची किंजो गाकुइनही त्याच वर्षीचा दावा सांगते. पहिली कोण यावर तिथे अजून वाद होतो. मला त्यात पडायचं नाही. तिन्ही शाळांना त्याचा अभिमान आहे, तेवढं पुरे.

खलाशी कपडे मुलांच्या अंगावर आले ते इंग्लंडच्या राजघराण्यातून. १८४६ मध्ये चित्रकार विंटरहाल्टरनं राणी व्हिक्टोरियाच्या मुलाचं, पुढे सातवा एडवर्ड झाला त्याचं, खलाशी पोशाखातलं चित्र काढलं आणि युरोपभर लहान मुलांना तसे कपडे शिवायची लाट आली. युरोपात ती ओसरली. जपानमध्ये मात्र ती कॉलर मोठ्या मुलींची झाली आणि राहिली. का राहिली याचं एक कारण मी पॅटर्नच्या टेबलावर बसून सांगू शकते: खलाशी ब्लाउज शिवायला सोपा आहे. अंगाला घट्ट बसवायचा नाही, चिमटे नाहीत, खांदा सरळ, कॉलर म्हणजे कापडाचा एक सपाट तुकडा. किमोनो शिवणाऱ्या हातांना सरळ शिवण सवयीची होतीच. अनेक शाळांत मुली शिवणाच्या तासाला आपला गणवेश स्वतः शिवत, कुठे मोठ्या वर्गातल्या मुली नव्यांसाठी शिवून देत. १९२३ च्या कांतो भूकंपानंतर पाश्चात्त्य कपड्यांकडे ओढा वाढला आणि पुढच्या काही वर्षांत हा गणवेश सगळीकडे गेला. ज्या कपड्याला लोक नौदलाचा म्हणतात, तो जपानमध्ये मुलींनी स्वतःच्या हातांनी शिवून आपलासा केला. हे मला फार मोलाचं वाटतं.

त्या कॉलरचेही प्रांताप्रांतांत प्रकार पडले. टोकियोकडची कांतो कॉलर लहान आणि किंचित गोलसर असते. ओसाका-क्योतोकडची कान्साई कॉलर सरळ रेषेत खोल उतरते. नागोयाची सर्वांत मोठी, खांद्यांवरून ऐसपैस पसरलेली. वर पट्ट्या एक, दोन की तीन, पांढऱ्या की लाल, रुमाल बांधायचा की फासातून ओढून घ्यायचा, हे शाळेगणिक वेगळं. ज्याला हे वाचता येतं त्याला रेल्वे फलाटावर उभ्या असलेल्या मुलीची शाळा लांबून कळते.

युद्धानं यातलं बरंच पुसलं. १९४१ मध्ये मुलींसाठी देशभर एकच नमुना ठरवण्यात आला, खलाशी कॉलर गेली, पुढे शेतकरी बायका घालत तशा मोंपे विजारी आल्या. धातू युद्धसामग्रीला लागत होता म्हणून मुलांच्या कोटाला चिनी मातीची आणि लाकडाची बटणं लागली. सरकारनं खरोखर एकच गणवेश लादला तो काळ हा, आणि युद्ध संपताच मुलींच्या शाळा आपापल्या जुन्या कॉलरकडे परतल्या.

आता ओकायामाबद्दल. पुणेकरांना हे नाव माहीत असतं, कारण सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान हे पुणे-ओकायामा मैत्रीचं उद्यान आहे, तिथल्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं. पण त्या प्रांताची जपानमधली दुसरी ओळख म्हणजे शाळेचे कपडे. देशातल्या शालेय गणवेशांचा सर्वांत मोठा वाटा तिथे शिवला जातो, विशेषतः कुराशिकी शहराच्या कोजिमा भागात. तोम्बो, कान्को, फुजी यॉट ही जपानी आईबापांच्या तोंडची नावं सगळी ओकायामाची. कान्को हे नाव विद्येचा देव मानल्या जाणाऱ्या सुगावारा नो मिचिझाने यांच्यावरून घेतलंय, म्हणजे गणवेश विकतानाही परीक्षेचा आशीर्वाद सोबत.

कोजिमाची जमीन बरीचशी समुद्र हटवून मिळवलेली. खारट मातीत भात नीट येत नाही, कापूस येतो. कापूस आला तसे विणकर आले. आधी तलवारीला, पेट्यांना बांधायच्या जाड सपाट नाड्या, मग ताबी, म्हणजे अंगठा वेगळा असलेले कापडी मोजे. जाड कापड यंत्रावर शिवण्याचं कसब ताबींमुळे घराघरांत होतं. मोज्यांची मागणी घटू लागली तेव्हा तेच हात शाळेच्या कोटांकडे वळले. युद्धानंतर कुराशिकीच्याच कंपनीनं बाजारात आणलेला व्हिनायलॉन धागा स्वस्त आणि चिवट म्हणून शाळेच्या कपड्यांत आला, आणि १९५० च्या दशकाच्या शेवटी पॉलिएस्टर आलं. मोठ्या धागा कंपन्यांनी निवडक कारखान्यांना हाताशी धरलं, बाकीच्यांवर उपासमारीची वेळ आली, आणि त्यांतल्या काहींनी १९६० च्या दशकात त्याच जाड सुया लावून जीन्स शिवायला घेतल्या. आज जगभरचे लोक जीन्ससाठी कोजिमाला जातात. त्या जीन्सच्या मागे शाळेचा कोट आहे. सोलापूरच्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. चादरीचं गाव गणवेशाचं गाव कसं होतं हे आम्ही पाहतोच आहोत.

तिथे काम करताना मला सर्वांत जास्त शिकवलं ते ‘माया’ सोडण्याच्या पद्धतीनं. आपल्याकडे सरकारी शाळेतल्या मुलाला वर्षाला दोन संच मिळतात आणि ते त्या वर्षापुरते असतात. जपानमध्ये एक हिवाळी कोट तीन वर्षं चालायला हवा, कारण तो पालकांच्या खिशातून येतो आणि महाग असतो. म्हणून बाहीच्या टोकाला आत कापड दुमडून ठेवलेलं असतं. एक धागा उसवला की बाही लांब होते, शिंप्याकडे जायची गरज नाही. विजारीला आणि स्कर्टलाही तसंच. कापड बहुधा लोकर आणि पॉलिएस्टरचं मिश्रण, म्हणजे घडी टिकते आणि घरी धुताही येतं. स्कर्टला बऱ्याचदा २४ चुण्या. आता त्या यंत्रात कायमच्या बसवतात. पूर्वीच्या मुली रात्री चुण्या नीट मांडून स्कर्ट गादीखाली ठेवायच्या आणि त्यावर झोपायच्या. आजच्या आज्यांना विचारा, त्या हात फिरवून दाखवतात चुणी कशी सरळ करायची ते.

आणि बटणं. गाकुरानचं सोनेरी बटण शिवलेलं नसतं. त्याची मागची कडी कापडातल्या छिद्रातून आत जाते आणि आतून एका छोट्या पकडीनं अडकवलेली असते, धुताना काढता यावं म्हणून. या छोट्याशा सोयीतून जपानी शाळेतली सर्वांत हळवी रीत जन्मली. मार्चमध्ये शाळेचा पदवी समारंभ झाला की मुलगी आवडत्या मुलाकडे त्याच्या कोटाचं वरून दुसरं बटण मागते. दुसरंच, कारण ते काळजाच्या सर्वांत जवळ असतं, असं सांगतात. ही रीत नेमकी कुठून आली याच्या कथा अनेक आहेत. मला एवढं दिसतं की बटण ओढून तोडावं लागलं असतं तर ती एवढी पसरली नसती. समारंभानंतर दोन-तीनच बटणं उरलेल्या कोटात फोटो काढणारे मुलगे मी पाहिलेत, आणि एकही बटण न गेलेले मुलगेही. त्या पाच बटणांनी त्या दिवशी वर्गातलं बरंच काही उघड होतं. ब्लेझर वापरणाऱ्या शाळांत मग टाय किंवा बिल्ला मागतात. शाळेनं ओळख पटावी म्हणून दिलेली वस्तू मुलं एकमेकांना प्रेमाची खूण म्हणून देतात. तुमच्या ‘सांस्कृतिक काय’ या प्रश्नाचं माझ्या मनातलं पहिलं उत्तर हे.

दुसरं उत्तर कमी गोड आहे पण जास्त महत्त्वाचं. जपानमध्ये विद्यार्थ्याचा गणवेश हा त्याचा औपचारिक पोशाख मानला जातो. घरात कोणी गेलं तर मोठी माणसं काळे कपडे घालतात, मुलगा-मुलगी शाळेचा गणवेश घालून अंत्यविधीला जातात. मावशीचं लग्न असलं तरी तोच. प्रवेश समारंभ, पदवी समारंभ, मुलाखत, स्पर्धा, नारा-क्योतोची शैक्षणिक सहल, सगळीकडे तोच. त्यामुळे बारा ते अठरा या वयातल्या आयुष्याच्या सगळ्या मोठ्या प्रसंगांना हा एकच कपडा हजर असतो. आजोबांच्या अंत्यविधीला घातलेला कोट दुसऱ्या आठवड्यात क्रीडा स्पर्धेला घातला जातो. लग्नातला शालू जपतात तसा शाळा संपल्यावर तो कित्येक घरांत वर्षानुवर्षं कपाटात राहतो. मला वाटतं, ॲनिमेमध्ये जो गणवेश दिसतो त्याची ओढ इथून येते. बघणाऱ्या प्रौढ जपानी माणसाला त्यात स्वतःची सहा वर्षं दिसतात. आपल्याकडच्या मुलीला ती दिसत नाहीत, फक्त कॉलर दिसते. कॉलर सुंदर आहे हेही खरंच.

ऋतूंचाही भाग आहे. १ जूनला उन्हाळी आणि १ ऑक्टोबरला हिवाळी, असा कपडे बदलण्याचा दिवस, कोरोमोगाए, जुन्या दरबारी रिवाजातून आलेला. १ जूनच्या सकाळी काळे-निळे कोट जाऊन रस्ते एकदम पांढऱ्या शर्टांनी भरायचे. आता उन्हाळा एवढा कडक आणि लांब झालाय की बऱ्याच शाळांनी ठरलेली तारीख सोडून मुलांवर सोपवलंय, काहींनी पोलो शर्ट आणि अर्ध्या विजारीही आणल्यात. मला यात हळहळ वाटत नाही. ३५ अंशात लोकरीचा स्कर्ट घालायला लावणं ही संस्कृती नव्हे.

आता बंडाबद्दल, कारण त्याशिवाय हा विषय अर्धा राहतो. १९६९ च्या सुमारास विद्यार्थी आंदोलनं हायस्कूलपर्यंत उतरली, तेव्हा अनेक शाळांतल्या मुलांनी गणवेश हटवण्याची मागणी केली आणि काही ठिकाणी ती मान्यही झाली. त्यानंतरच्या पिढीनं वेगळा मार्ग धरला: गणवेश टाकायचा नाही, वाकवायचा. १९७० आणि ८० च्या दशकांत दांडगट म्हणवणाऱ्या मुलांनी कोट गुडघ्यापर्यंत लांब किंवा कमरेवर आखूड शिवून घेतले, विजारी मांडीत फुगवल्या, आत अस्तरावर जरीनं ड्रॅगन भरले. त्या बटणाच्या आतल्या पकडीसुद्धा वाघ-ड्रॅगनच्या नक्षीच्या मिळायच्या, बाहेरून काही दिसायचं नाही. मुलींनी स्कर्ट घोट्यापर्यंत नेले. शाळा दारात पट्टी घेऊन उभ्या. उद्योगानं प्रमाण नमुन्याच्या कोटाच्या आत मान्यतेचं लेबल लावायला सुरुवात केली, ते लेबल आहे का हे शिक्षक तपासायचे.

मग शाळांनी ब्लेझर आणला. एक कारण असं की ब्लेझरमध्ये अशी मोडतोड करायला वाव कमी. दुसरं आणि मोठं कारण म्हणजे प्रवेश. टोकियोतल्या शोएई या मुलींच्या शाळेनं १९८२ मध्ये चौकड्यांचा स्कर्ट आणला, इतर शाळांनी ते पाहिलं, आणि गणवेश बदलला की अर्ज वाढतात हे सगळ्यांना कळलं. नामवंत फॅशन डिझायनर शाळांसाठी कपडे काढू लागले. मुली शाळा निवडताना गणवेश बघतात, हे त्यानंतर कोणी नाकारलं नाही.

१९९० च्या दशकात पुन्हा उलट फिरलं. लांब स्कर्टच्या जागी कमरेशी गुंडाळून आखूड केलेला स्कर्ट आणि पायात घोट्यावर ढीग झालेले सैल मोजे आले. टोकियोतल्या शिबुया भागाच्या रस्त्यावर मुलींनी ते ठरवलं, कोणत्याही कंपनीनं नाही. आणि सर्वांत बोलकी गोष्ट त्यानंतर घडली. ज्या शाळांना गणवेश नाही त्यांच्या मुली बाजारातून गणवेशासारखे कपडे विकत घेऊन घालू लागल्या, त्याला ‘नान्चात्ते सेइफुकू’, म्हणजे लुटुपुटूचा गणवेश, म्हणतात. त्यासाठी वेगळी दुकानं निघाली. २००९ मध्ये परराष्ट्र खात्यानं तीन ‘कावाई (गोंडस) दूत’ नेमल्या, त्यांतली एक खास शालेय गणवेशाच्या फॅशनची होती. मुली सुट्टीत, मैत्रिणींबरोबर, कॉलेजात गेल्यावरसुद्धा, गणवेश घालून डिस्नेलँडला जातात. कोणीही सांगितलेलं नसताना. नुसती सक्तीची वस्तू असती तर शाळा सुटताच फेकली गेली असती.

पण गोड बाजू सांगून थांबणं बरोबर नाही. गणवेशाबरोबर येणारे नियम अनेक मुलांना छळतात. कुमामोतोत एका मुलानं डोकं बारीक भादरायच्या सक्तीविरुद्ध लावलेला दावा न्यायालयानं १९८५ मध्ये फेटाळला. २०१७ मध्ये ओसाकातल्या एका सरकारी हायस्कूलच्या मुलीनं दावा लावला. जन्मतः तपकिरी असलेले केस काळे रंगव, असं तिला पुन्हा पुन्हा सांगितलं गेलं होतं. २०२१ मध्ये न्यायालयानं ३ लाख ३० हजार येन भरपाई दिली, पण ती तिचं नाव आणि बाक वर्गातून काढल्याबद्दल. केसांचा नियम मात्र बेकायदा ठरवला नाही. त्या निकालानं मी अस्वस्थ झाले होते. तरी चर्चा थांबली नाही. एप्रिल २०२२ पासून टोकियोच्या महानगरी हायस्कूलांमधून केस काळे करण्याची सक्ती, अंतर्वस्त्रांच्या रंगाचा नियम असले प्रकार काढून टाकले गेले. अंतर्वस्त्रांच्या रंगाचा नियम मुळात होता, हे वाचून आपण थबकतो. थबकलंच पाहिजे.

खर्चाचंही तसंच. सरकारी माध्यमिक शाळेचा नुसता हिवाळी संच साधारण ३० ते ४० हजार येनच्या घरात जातो, आपल्या हिशेबानं वीस हजार रुपयांच्या आसपास. उन्हाळी कपडे, खेळाचे कपडे, बूट, बॅग वेगळं. शाळेनं ठरवलेल्या दुकानातूनच घ्यायचं असल्यानं भाव उतरत नाही. २०१७ मध्ये जपानच्या स्पर्धा आयोगानं यावर अहवाल काढून शाळांना जास्त कंपन्या आणि दुकानांना वाव द्यायला सांगितलं. दुसऱ्याच वर्षी टोकियोच्या महागड्या गिंझा भागातल्या ताइमेइ या सरकारी प्राथमिक शाळेनं आर्मानीकडून गणवेश करून घेतला, पूर्ण संच ८० हजार येनच्या वर, आणि देशभर गदारोळ झाला. संसदेपर्यंत प्रश्न गेला. माझ्या मते तो राग योग्य होता. गणवेशाचा सर्वांत जुना युक्तिवाद, की श्रीमंत-गरीब दिसू नये, तोच त्यात मोडला.

आणि एक गोष्ट आईला थेट सांगते. गर्दीच्या गाडीत गणवेशातल्या मुलींना त्रास देणारे पुरुष हा तिथला जुना, गंभीर प्रश्न आहे. गणवेशाभोवती प्रौढांनी उभा केलेला घाणेरडा बाजार त्याला खतपाणी घालतो. महिलांचे डबे तिथेही आहेत. मुलगी एकटी गाडीनं जाऊ लागेल तेव्हा तिला तो डबा दाखवा आणि ओरडायला शिकवा.

बदल मात्र खरे होत आहेत. चिबा प्रांतातल्या काशिवामध्ये २०१८ मध्ये उघडलेल्या एका माध्यमिक शाळेनं पहिल्या दिवसापासून विजार की स्कर्ट, टाय की रिबन, हे मुलगा-मुलगी न बघता निवडू दिलं. टोकियोच्या नाकानो भागात सहावीतल्या एका मुलीनं वर्गमैत्रिणींची मतं गोळा करून थेट महापौरांपुढे ठेवली आणि २०१९ पासून तिथल्या सगळ्या सरकारी माध्यमिक शाळांत मुलींना विजार निवडता येऊ लागली. फुकुओका शहरानं २०२० मध्ये गाकुरान आणि खलाशी गणवेशाच्या जोडीला ब्लेझरचा नवा प्रमाण पोशाख आणला. ज्या मुलांना जन्मावेळी लिहिलेल्या लिंगाचे कपडे घालणं असह्य होतं त्यांच्यासाठी हा फार मोठा दिलासा आहे. उत्तरेकडे बर्फात सायकल चालवणाऱ्या मुलींसाठी तर तो साध्या उबेचा प्रश्न होता. शिवाय मुलंच कमी झालीत. २०२४ मध्ये जपानमध्ये ७ लाखांहून कमी जन्म झाले. शाळा एकत्र होतात आणि नवी शाळा जुन्या दोन्हींपैकी कोणाचा गणवेश घेणार, हा वाद नको म्हणून ब्लेझर निवडते. खलाशी कॉलर त्यामुळेही मागे सरकतेय.

म्हणजे तुमच्या मुलीला ती कॉलर मिळेलच असं नाही. टोकियोत ब्लेझरची शक्यता जास्त. ज्या भागात घर घ्याल तिथल्या माध्यमिक शाळेच्या संकेतस्थळावर गणवेशाचे फोटो असतात, आत्ताच बघून ठेवा, म्हणजे ऐनवेळी हिरमोड व्हायला नको. सहावीच्या वर्षात हिवाळ्यात मापं घ्यायचे दिवस कळवतात. उशीर करू नका, मार्चमध्ये दुकानांत मुंगी शिरायला जागा नसते. माप अंगापेक्षा थोडं मोठं घ्या, पण खांदा मोठा घेऊ नका, कारण बाही आणि उंची वाढवता येते, खांदा कमी करता येत नाही. बाहीत माया किती आहे ते दुकानदाराला उसवून नाही, पण उलटून दाखवायला सांगा. विजारीचा पर्याय आहे का हे विचारा, मुलीला नको असला तरी; थंडीच्या दिवसांत उपयोग होतो. खर्च जड वाटत असेल तर पालक-शिक्षक संघ जुने गणवेश देतो का ते बघा, बऱ्याच शाळांत देतात आणि कपडा एवढा टिकाऊ असतो की जुना ओळखूही येत नाही. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना पालिकेकडून शालेय खर्चासाठी मदत मिळते, तिचा अर्ज शाळेतच असतो. वर्गात घालायचे वेगळे बूट, खेळाचे कपडे, त्यावर नाव कुठे शिवायचं, याची यादी प्रवेशाच्या कागदांबरोबर येते. ती जपानीतच असेल, तेव्हा ओळखीच्या कोणाकडून आधी वाचून घ्या.